खेळ कोणत्या यंत्रावर चालतो, ते तारखेसह छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीसाठी मुलांना मोफत संगणकीय खेळ सुचवणारी चौकट आली होती. तिच्यात नेटहॅकचं नाव दिसलं आणि बरं वाटलं. मराठी वर्तमानपत्रात ते नाव मी तरी याआधी पाहिलेलं नाही. नावापुढे दोन वाक्यं होती: ‘पूर्ण मोफत. सर्व संगणकांवर चालतो.’ पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. हे पत्र दुसऱ्यासाठी आहे.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर संगणक शिकवते. कक्षात दहा यंत्रं आहेत. एका योजनेतून आली, देखभालीचा करार संपला आणि पुरवठादाराचा फोन लागायचा बंद झाला. पेन्टियम ड्युअल कोअर, १ जीबी रॅम, वर ३२ बिटी विंडोज एक्सपी. खोली पत्र्याची आहे, त्यामुळे एप्रिल लागला की एकुलत्या पंख्याखाली यंत्रं ठेवायची की पोरं बसवायची, हा आमचा दरवर्षीचा प्रश्न. तरी यंत्रं चालतात. गावातल्या बहुतेक पोरांचा माऊसला पहिला हात इथेच लागतो.

चौकट वाचून आठवीच्या दोन मुली सोमवारी मधल्या सुट्टीतच येऊन थांबल्या. घरच्या फोनवरून खेळ उतरवून पेनड्राइव्हवर आणला होता. फाइलवर दोनदा क्लिक केलं, तर ‘हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट आली आणि गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कारण साधं होतं. कुठल्याशा साइटवरून आणलेली ती फाइल ६४ बिटी, म्हणजे नव्या घडणीच्या प्रणालीसाठी बांधलेली होती आणि आमचं एक्सपी जुन्या घडणीचं, ३२ बिटी. मी ते सांगत होते, पण मुलींचं लक्ष दुसरीकडेच. त्यातली एक मला म्हणाली, ‘‘मॅडम, पेपरमा ते लिखेल शे ना!’’

तिचं खरं आहे. पेपरात छापलंय म्हटल्यावर आमच्या गावात मॅडमच्या शब्दाला काय किंमत!

वाचकांपैकी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तुम्ही म्हणजे @ हे चिन्ह. लहान डी म्हणजे तुमच्या मागे मागे फिरणारं कुत्रं, मोठा डी म्हणजे ड्रॅगन. भुयारात एकेक मजला उतरत जायचं, येंडोरचा ताईत शोधायचा आणि जिवंत वर यायचं. मेलात की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी भुयार वेगळं. आमच्या पोरांचा पहिला प्रश्न ‘‘हाई काय शे? नुसतीच अक्षरं शेतस’’ असा होता. आता त्याच पोरांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

मला या खेळात रस वाटतो तो आणखी एका कारणाने. त्याचं मूळ एका शाळेत आहे. अमेरिकेतल्या एका हायस्कुलात जे फेनलसन नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांच्या मदतीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हॅक’ लिहिला. ॲमस्टरडॅमच्या आंद्रिस ब्राउवर यांनी तो नव्याने लिहून १९८४ मध्ये खुला केला. मग डॉन नेलर यांनी तो एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर नेला, तिथून तो अटारीच्या संगणकांवर गेला. असा चारी वाटांना पांगलेला खेळ माइक स्टीफन्सन यांनी पुन्हा एकत्र केला आणि १९८७ मध्ये नेटहॅक आला. तेव्हापासून त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला आहे. कोणीही वाचावा, बदलावा, आपल्या यंत्रासाठी बांधून घ्यावा.

खेळाबरोबर जी मार्गदर्शिका येते तिच्या शेवटी हा सगळा वंशवृक्ष दिलेला आहे. त्यात नुसती श्रेयनामावली नाही. कोणी कोणत्या यंत्रावर नेला, ते आहे. अमिगावर ओलाफ सायबर्ट यांनी, मॅकिन्टॉशवर जॉनी ली यांनी, ओएस/२ वर टिमो हाकुलिनेन यांनी, व्हीएमएसवर डेव्हिड जेन्ट्झेल यांनी. काही ठिकाणी कोणता कंपायलर, म्हणजे कोडमधून चालणारी फाइल बांधणारं साधन, वापरला तेही. ही यंत्रं आज कोणाच्या टेबलावर नाहीत, पण माणूस आणि यंत्र यांची जोडी कागदावर राहिली. आपल्याकडच्या सॉफ्टवेअरच्या डब्यावर ‘आमच्या तज्ज्ञ चमूने बनवलेले’ यापलीकडे काही असतं का, आठवून पाहा.

आता मुद्द्यावर येते. नेटहॅकची ३.४.३ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली आणि पुढची ३.६.० थेट डिसेंबर २०१५ मध्ये. मध्ये १२ वर्षं. एवढ्या काळात किती यंत्रं आली आणि भंगारात गेली! ओएस/२ संपलं, खिशातले विंडोज सीई संगणक संपले. नवी आवृत्ती काढताना डेव्हटीमपुढे, म्हणजे हा खेळ सांभाळणाऱ्या मंडळींपुढे, प्रश्न आला असणार की जुन्या यादीचं काय करायचं. दोन सोपे मार्ग होते. जुनी यादी तशीच ठेवायची, म्हणजे ‘बघा, आमचा खेळ किती यंत्रांवर चालतो’ अशी मिरवणूक काढता आली असती. किंवा सगळी पुसून फक्त आजची तीन-चार नावं ठेवायची.

त्यांनी दोन्ही केलं नाही. ३.६ च्या रीडमी, म्हणजे आधी वाचायच्या, फाइलमध्ये दोन वेगळ्या याद्या आहेत. पहिली छोटी आहे: प्रत्यक्ष तपासलेली यंत्रं. तिच्यात लिनक्स आणि विंडोज ७ ते १० चालणारे पेन्टियम व त्यापुढचे संगणक आहेत, एमएस-डॉसवरचा ८०३८६ हा जुना प्रोसेसर आहे, मॅक ओएस एक्स आहे आणि ओपनव्हीएमएस आहे, तेही कोणत्या प्रोसेसरवर त्यासह. दुसरी यादी लांब आहे आणि तिच्या डोक्यावर जे लिहिलंय त्याचा आशय असा: आधीच्या आवृत्त्या या यंत्रांवर तपासल्या होत्या आणि चालत होत्या; ३.६ त्यांवर बांधता येते का, चालते का, माहीत नाही. खाली अमिगा, अटारी, जुने मॅकिन्टॉश, ओएस/२, सन, एचपी आणि आयबीएमची युनिक्स यंत्रं, अशी रांग.

‘माहीत नाही’ हे तिथे छापलेलं आहे, संपादक महोदय. एवढ्या जुन्या, जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या पहिल्याच फाइलमध्ये. पुढे ३.७ च्या कामात काही जुन्या यंत्रांच्या फाइली ‘कालबाह्य’ अशा अर्थाच्या वेगळ्या फोल्डरात हलवल्या गेल्या. पुसल्या नाहीत. ज्याला अजून हौस आहे त्याने तिथून उचलाव्यात, पण चालतील या भरवशावर राहू नये, इतकं त्यातून स्पष्ट होतं.

मला आपल्या चौकटीत हेच हवं होतं. एखादा खेळ चालतो म्हणायचं तर कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर, कधी पाहिली, हे सांगायला हवं. आणि कोणी पाहिलेलंच नसेल तर तसं. आमच्या भागातला शेतकरी कपाशीचं बियाणं घेताना पाकीट उलटं करून उगवणशक्तीचा टक्का, चाचणीची तारीख आणि मुदत वाचतो. ती छापलेली नसेल तर कृषी सेवा केंद्रवाल्याच्या अंगावर पाकीट फेकतो. त्याच शेतकऱ्याच्या मुलीने ‘सर्व संगणकांवर चालतो’ एवढ्यावर आपला डेटा का खर्च करावा?

चिडचिड करून मी थांबले नाही. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधली कोरी पानं काढून आम्ही एक वही शिवली आणि कक्षातल्या यंत्रांची नोंद मुलांकडून लिहून घ्यायला लागलो. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते, फक्त शुद्धलेखन मी पाहिलं आहे. या यंत्रावर एक्सपीऐवजी डेबियन आहे, म्हणजे लिनक्सचा एक मोफत प्रकार.

‘यंत्र ४. पेन्टियम ड्युअल कोअर, १ जीबी. डेबियन १२, ३२ बिटी. नेटहॅक ३.६, डेबियनच्या भांडारातून घेतला, आपण बांधला नाही. सुरू होतो. भिंती नीट दिसतात. सेव्ह होतो, परत उघडतो. घड्याळ चुकीचं, सेल मेलेला.’

शेवटच्या वाक्यावर वाचक हसतील. घड्याळाचा खेळाशी काय संबंध? आहे. नेटहॅक सुरू होताना यंत्राची तारीख बघतो आणि चंद्राची कला काढतो. पौर्णिमा असली तर ‘आज पूर्ण चंद्र, तुम्ही नशीबवान’ असा निरोप येतो आणि खरोखरच खेळातलं नशीब एका अंकाने चढतं. अमावास्येला जपून राहण्याची सूचना मिळते. १३ तारखेला शुक्रवार आला तर नशीब उतरतं आणि संकटात देवाचा धावा केला तर तो उलटतो. ही सगळी कामं तो यंत्राच्या घड्याळावर विसंबून करतो. यंत्र ४ मधला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल केव्हाच संपलेला. संध्याकाळी शिपाईदादा भिंतीवरचं मुख्य बटण बंद करतात, त्यामुळे रोज सकाळी ते यंत्र चुकीच्याच तारखेला जागं होतं. खऱ्या पौर्णिमेला त्या यंत्रावर पौर्णिमा उगवत नाही. शेजारच्या यंत्र ५ वर उगवते. एका मुलाला निरोप येतो, शेजारच्याला येत नाही आणि मग ‘माझा खेळ खराब आहे’ अशी तक्रार. खेळ खराब नव्हता. तीस-चाळीस रुपयांचा सेल हवा होता.

म्हणून म्हणते, ‘सुरू होतो’ एवढ्याने काम भागत नाही. भिंतींचंच पाहा. जुन्या ३.४.३ च्या काळात आयबीएमग्राफिक्स नावाचा पर्याय चालू केला की डॉसच्या आणि विंडोजच्या पडद्यावर भुयाराच्या भिंती सलग रेघांनी छान दिसायच्या. एका मुलाने एक्सपीवरच्या ३.४.३ मधला तो पर्याय डेबियनवरच्या आपल्या सेटिंगमध्ये उतरवला. तिथला टर्मिनल, म्हणजे अक्षरांची खिडकी, यूटीएफ-८ या वेगळ्या अक्षर-संकेतावर चालणारा. भिंतींच्या जागी चौकोनात प्रश्नचिन्हं उगवली आणि आपण खोलीत उभे आहोत की बोळात, हेच कळेना. पर्याय काढला, साधे आडवे-उभे दांडे परत आले, खेळ पुढे. नोंदीत मात्र हे गेलं पाहिजे, कारण उद्या शहाद्याच्या नाहीतर रावेरच्या एखाद्या पोराच्या पडद्यावर तीच प्रश्नचिन्हं आली, तर तो खेळ टाकून देईल. त्याला एका ओळीचं उत्तर मिळायला हवं.

सेव्ह केलेल्या खेळाचं दुखणं त्याहून मोठं. एक मुलगी बरीच खोल उतरली होती. तिला तोच खेळ माझ्या लॅपटॉपवर मला दाखवायचा होता. मी तिची सेव्ह फाइल उचलून लॅपटॉपवर ठेवली. दोन्हीकडे लिनक्स, दोन्हीकडे आवृत्ती तीच. तरी खेळाने ती उघडायला नकार दिला, रचना जुळत नाही म्हणून. कारण असं की हा खेळ आपली अवस्था स्मृतीत जशी मांडलेली असते तशीच फाइलमध्ये ओततो. ३२ बिटी यंत्रावर काही आकडे चार बाइटचे असतात, ६४ बिटीवर तेच आठ बाइटचे. मापं जुळत नाहीत हे ओळखून खेळ आधीच थांबतो. थांबतो हे चांगलंच. न थांबता उघडला असता तर कचरा दिसला असता. पण ‘लिनक्सवर चालतो’ या एका ओळीत हे मावत नाही. ‘३२ बिटीवर सेव्ह केलेला खेळ ६४ बिटीवर उघडत नाही’ अशी स्वतंत्र ओळ लागते. तिची फाइल मी परत यंत्रावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला एका मुंगीने मारलं, तो भाग वेगळा.

३.४.३ आमच्या एक्सपीवर विनातक्रार चालतो, हेही वहीत आहे. २००३ ची आवृत्ती आणि त्याच काळातली विंडोज, चालणारच. पण ‘चालणारच’ असं समजून आम्ही लिहिलं नाही. खेळून, सेव्ह करून, यंत्र बंद करून, परत उघडून मग लिहिलं.

अशा नोंदीत आणखी एक गफलत मला वारंवार दिसते. डॉसबॉक्समध्ये चालवून ‘डॉसवर चालतो’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. डॉसबॉक्स हे डॉसचं सोंग आहे; उत्तम सोंग, पण त्यात खराखुरा फ्लॉपी ड्राइव्ह नसतो, खरी अपुरी स्मृती नसते. तिथलं यश तिथल्या नावानेच लिहावं. फोनचंही तसंच. नेटहॅकची ॲन्ड्रॉइडवरची रूपं आहेत, पण ती इतरांनी केलेली, अधिकृत संघाची नव्हेत. मुलांना फोनवरच खेळायचं असतं हे मला कळतं, मी अडवत नाही. नोंद करताना मात्र ‘अनधिकृत’ हा शब्द गाळू देत नाही.

आता आक्षेप. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मॅडम, शाळेत गेम?’’ त्यांना मी वही दाखवली. प्रोसेसर, रॅम, बिट, आवृत्ती, फाइल कुठून आली, हे शब्द पाठ्यपुस्तकात वाचून पोरांच्या डोक्यात गेले नव्हते, ते या वहीने गेले. त्यांनी पानं उलटली आणि ‘‘परीक्षेच्या काळात नको’’ एवढंच सांगितलं. आमच्या शाळेत याला परवानगी म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अशा याद्या सहा महिन्यांत शिळ्या होतात, मग कशाला करायच्या? शिळी होते ती तारीख नसलेली यादी. ‘नेटहॅक ३.० अमिगावर चालतो’ हे विधान, कोणी आणि केव्हा नेला त्यासह लिहिलेलं असल्यामुळे, आजही खरंच आहे. ते जुनं झालंय, खोटं झालेलं नाही. उलट ‘सर्व संगणकांवर चालतो’ हे छापलं त्या रविवारीच खोटं होतं.

तिसरा आक्षेप माझ्याच घरातून आला. यजमान म्हणाले, ती यंत्रं भंगारात दे आणि नवी माग. यंत्रांची मला माया नाही. नवी आली तर मी पेढे वाटीन. पण नवी येईपर्यंत जी आहेत त्यांच्यावर काय चालतं हे मला लागतं, आणि हा प्रश्न फक्त माझ्या पत्र्याच्या खोलीचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. जळगावच्या, धुळ्याच्या कित्येक कचेऱ्यांत, पतपेढ्यांत, कोचिंग क्लासांत आज ठणठणीत चालणारी यंत्रं त्या अटीत बसत नाहीत. लिनक्सकडे वळावं तर तिथेही दार अरुंद होतंय: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. म्हणजे निव्वळ ३२ बिटी यंत्रांसाठी डेबियन १२ हाच शेवटचा थांबा. साथ काढून घेतली याचा मला राग नाही. फुकट राबणारी माणसं किती जुनी यंत्रं सांभाळणार? डेबियनने ते आधी स्पष्ट लिहून मग बंद केलं, म्हणून मला वेळेत कळलं आणि मी १२ ची प्रत उतरवून ठेवू शकले. याच्या उलट, आमच्या कक्षात पूर्वी एका खासगी कंपनीची गणिताची सीडी होती. विंडोज बदलल्यावर ती उघडेनाशी झाली. डब्यावर काही नाही, कंपनीकडे कोणी बोलायला नाही, स्रोत बंद. ती सीडी आता मुलं आरशासारखी ऊन पाडायला वापरतात.

खुल्या स्रोताच्या खेळाचं बळ इथेच आहे. तयार फाइल चालली नाही तर स्रोत घेऊन आपल्या यंत्रावर बांधता येतो. मात्र त्यासाठी बांधायची कृती लिहिलेली हवी. नेटहॅकच्या स्रोतात प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी वेगळं फोल्डर आणि बहुतेकांत ‘इन्स्टॉल’ नावाची मार्गदर्शक फाइल असते. कोणता कंपायलर, कोणती फाइल कुठे हलवायची, कोणती ओळ बदलायची. आमच्याकडच्या बारावीच्या मुलाला ती जमते, मी पाहिलं आहे. सी भाषा त्याला कॉलेजात शिकवतात, पण एवढ्या मोठ्या, खऱ्या प्रकल्पाचा कोड त्याने पहिल्यांदा तिथे उघडला.

तेव्हा आपणाकडे मागणी अशी आहे. पुरवणीत यापुढे खेळ किंवा कोणतंही सॉफ्टवेअर सुचवाल तेव्हा नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ जोडा: कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर व प्रणालीवर, केव्हा पाहिली. जागा जास्त जात नाही. राशिभविष्यातल्या एका राशीएवढी पुरे. आपल्याकडे कोणी पाहिलीच नसेल तर ‘आम्ही तपासलेली नाही’ असं छापा. वाचकाला त्यात कमीपणा दिसणार नाही. आणि मागच्या चौकटीची दुरुस्ती आली तर मी ती कक्षाच्या दाराला चिकटवीन. त्या मुलींचा पेपरवरचा विश्वास मला मोडायचा नाही.

वाचकांनाही सांगायचं आहे. नंदुरबारकडच्या आश्रमशाळा, शिरपूर-शहाद्याची कॉलेजं, भुसावळला रेल्वे क्वार्टरांतून पडून असलेली यंत्रं, बंद पडलेल्या सायबर कॅफेंचा माळ्यावर टाकलेला माल: खानदेशात जुन्या संगणकांचं दुर्भिक्ष नाही. जिथे एखादं चालू असेल तिथे नेटहॅक घाला आणि नोंद करा. यंत्र कोणतं, प्रणाली कोणती, फाइल तयार घेतली की बांधली, पडद्यावर काय दिसलं, सेव्ह होऊन उघडतो का, आणि हो, घड्याळ बरोबर आहे का. नाही चालला तर नेमका कोणता निरोप आला तो शब्द न् शब्द उतरवा. ‘एरर आला’ म्हणू नका. अशी नोंद डेव्हटीमला त्यांच्या संकेतस्थळावरून कळवता येते. इंग्रजीला घाबरायचं काही कारण नाही. त्यात यंत्राचं नाव, आकडे आणि पडद्यावरचे शब्द असतात, वाङ्मय नसतं. मूळ निरोप जसाच्या तसा असला की त्यांचं काम होतं.

जाता जाता एक गोष्ट खास आपल्यासाठी. त्या दुसऱ्या यादीत मॅक ओएस ७.५ किंवा त्यापुढच्या प्रणालीवर चालणारे जुने ॲपल मॅकिन्टॉश आहेत. शाळांना ती यंत्रं कधी परवडली नाहीत, पण १९९० च्या दशकात छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे ती असायची, पानं लावायला. आपल्या कार्यालयाच्या माळ्यावर किंवा मशीन विभागाच्या मागच्या खोलीत असं एखादं खोकं धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी ते सुरू होतं का पाहा. होत असेल तर मॉडेल आणि प्रणालीची आवृत्ती मला कळवा. ३.४.३ मध्ये त्या यंत्रांसाठीच्या फाइली आहेत, आणि आमच्या वहीत यंत्र ११ साठी पान कोरं आहे. मुलांना घेऊन जळगावला यायची एसटीची सोय मी बघते.

आपली,
एक संगणक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव
(नोकरी तासिकेची आहे, कृपया नाव छापू नये.)